फळांचं क्रंबल दर वेळी पाणी सोडतं आणि वरचा चुरा गिच्च होतो: नेमकं कुठे चुकतं?

पहिल्या वेळी दोष मी सफरचंदांना दिला. दुसऱ्या वेळी ओव्हनला. तिसऱ्या वेळी, जुलैच्या एका रविवारी, सासूबाईंनी वाटीत चमचा फिरवत विचारलं, "चव छान आलीय गं. पण हे खायचं की प्यायचं?" माझा भाचा आणखी स्पष्टवक्ता. तो म्हणाला, "मामी, वर थालीपीठ आहे आणि खाली सरबत."

दोघांचंही बरोबर होतं. पुढच्या रविवारी मी पाककृती शोधणं बंद केलं आणि वजनकाटा काढला. नंतर ऑफिसातल्या तिघीचौघींनी हेच रडगाणं ऐकवलं, तेव्हा सगळं एकदाच लिहून काढावं म्हटलं.

ज्यांनी हा पदार्थ केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिरलेली फळं, त्यावर पीठ-लोणी-साखरेचा चुरा, आणि भट्टी. पारी लाटायची नाही, अंडं नाही, साचा नाही. पाहुणे संध्याकाळी येतो म्हणाले आणि घरात फक्त चार सफरचंदं आहेत, अशा वेळचा हा पदार्थ. चुऱ्याचं प्रमाण पाठ होण्यासारखं आहे: दोन भाग पीठ, एक भाग लोणी, एक भाग साखर, सगळं वजनाने. चार-पाच जणांसाठी १५० ग्रॅम पीठ, ७५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर आणि खाली ६००-७०० ग्रॅम फळं. एवढंच. आणि तरी फसतो, कारण या यादीतला सगळ्यात मोठा घटक कुणी लिहितच नाही: पाणी.

पाणी येतं कुठून

सफरचंदात वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणी असतं, अननसात तेवढंच, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या वर. केळ्यात ७५ च्या आसपास. म्हणजे ७०० ग्रॅम सफरचंदांच्या भांड्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी आपणच भरतो. फळ कच्चं असताना ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं म्हणून दिसत नाही. साखर लागली की ते बाहेर ओढलं जातं आणि उष्णतेने पेशी फुटल्या की उरलंसुरलंही सुटतं.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी घालायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच डोकं फळांपाशी मात्र चालत नाही. मी साखर लावून फळं तासभर "मुरायला" ठेवत होते आणि मग सुटलेल्या रसासकट सगळं भांड्यात ओतत होते. मला वाटायचं रस म्हणजे चव, तो कसा टाकायचा.

काटा काढला त्या रविवारी अर्धा किलो आलुबुखार चिरले, ५० ग्रॅम साखर लावली आणि रोळीत घालून खाली पातेलं ठेवलं. तासाभराने पातेल्यात जवळजवळ अर्धी वाटी गडद लाल रस. हा रस आतापर्यंत दर वेळी माझ्या चुऱ्याखाली उकळत होता.

तर उपाय असा. साखर लावून अर्धा-पाऊण तास फळं रोळीत ठेवा. साखर मुरवणं चुकीचं नाही, रस तिथेच ठेवणं चुकीचं. खाली जमलेला रस छोट्या कढल्यात घालून मध्यम आचेवर आटवा. गुलाबजामच्या पाकासारखा बोटाला चिकट लागला की पुन्हा फळांवर ओता. चव सगळी परत आली, पाणी गेलं. ही एक पायरी वाढवल्यावर माझं अर्धं दुखणं बरं झालं.

सफरचंद आणि नासपती रोळीत फार रस सोडत नाहीत, ती आचेवरच सोडतात. त्यांच्या फोडी कढईत चमचाभर तुपावर पाच-सात मिनिटं परतून घ्या. फोड कडेला मऊ आणि मध्ये करकरीत राहिली पाहिजे. पूर्ण शिजवलीत तर भट्टीतून मुरांबा निघेल. अननसाचं तर नावच नको. तो परतताना कढईत आधी तळं साचतं, ते आटून फोडी तळाला चिकटायला लागेपर्यंत हलवत राहायचं, मधेच कंटाळायचं नाही.

घट्टपणा: कॉर्नफ्लोअर, आणि मला त्याहून आवडलेलं

उरलेला रस बांधून ठेवायला काहीतरी लागतंच. अर्धा किलो रसाळ फळांना एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, सफरचंदांना त्याच्या निम्मं. ते गार रसात किंवा चमचाभर गार पाण्यात कालवूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात.

पण कॉर्नफ्लोअर घालूनही पातळ राहतं, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: भांडं लवकर बाहेर काढलं. कॉर्नफ्लोअर ६५-७० अंशांच्या आसपास फुगायला लागतं, पण पूर्ण घट्ट व्हायला ९० ते ९५ अंश लागतात. भांड्याच्या कडेला उकळी दिसते तेव्हा मधला भाग अजून तिथवर पोचलेला नसतो. म्हणून घड्याळ बघू नका, बुडबुडे बघा. पाणी उकळताना येतात तसे भराभर फुटणारे बारीक बुडबुडे दिसत असतील तर अजून वेळ आहे. पिठलं शिजत आलं की कसे जाड, आळशी बुडबुडे येतात, 'पक्' करून फुटतात आणि खळगा क्षणभर तसाच राहतो? तसे, आणि भांड्याच्या मध्यभागी दिसले पाहिजेत. ते दिसल्यावरही आणखी तीन-चार मिनिटं.

मला स्वतःला आता कॉर्नफ्लोअरपेक्षा साबुदाणा आवडतो. साबुदाणा मिक्सरमधून रव्याहून बारीक करायचा, अर्धा किलो फळांना दीड मोठा चमचा लावून पंधरा मिनिटं ठेवायचा. परदेशात फळांच्या 'पाय'मध्ये (पारीत फळं भरून भाजलेल्या पदार्थात) टॅपिओका घालतात, तो म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच भाऊबंद; दोन्ही एकाच कंदाच्या स्टार्चचे. कॉर्नफ्लोअरने रस धुरकट दिसतो, साबुदाण्याने काचेसारखा राहतो. शिवाय आलुबुखार, कैरीसारख्या आंबट फळांत कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा ढिला पडतो, तिथे साबुदाणा जास्त टिकतो. मिक्सरमध्ये एखादा दाणा अख्खा राहिला तर दाताखाली येतो, म्हणून चाळून घ्या. मी एकदा चाळलं नव्हतं. भाच्याने विचारलं, "मामी, यात खिचडी पण आहे?"

तिसरा मार्ग रव्याचा. भांड्याच्या तळाशी दोन चमचे भाजलेला बारीक रवा पसरायचा, वर फळं. रवा रस पितो आणि तळाला शिऱ्यासारखा पातळ थर धरतो. पारंपरिक क्रंबल करणारे नाक मुरडतील. आमच्याकडे तो थर भांडं खरवडून संपतो.

आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटं थांबा. हात लावू नका. रस गार होताना आणखी घट्ट होतो. ताटं मांडून बसलेल्या माणसांना वीस मिनिटं थोपवणं हा या पदार्थातला सगळ्यात अवघड भाग आहे.

वरचा चुरा गिच्च का होतो

पाण्याचा बंदोबस्त झाला तरी माझा चुरा कुरकुरीत होईना. वरचा पापुद्रा छान तांबूस, पण चमचा घातला की खाली ओली कणीक. हे कोडं सुटायला वेळ लागला.

सुटलं ते धोंडसामुळे. कोकणात पिकल्या तवशाचं धोंडस करतात: किसलेली काकडी, रवा, गूळ, ओलं खोबरं. आजीच्या हातचं मी लहानपणी खाल्लंय. चुलीवर पातेलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. मला कायम वाटायचं, वरून रंग यावा म्हणून निखारे. तो तर येतोच. पण दुसरं काम मोठं होतं. झाकण गार असेल तर आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि थेंब पदार्थावर पडतात. झाकण तापलेलं असेल तर थेंब होतच नाहीत.

क्रंबलमध्ये वाफ खालून येते आणि चुरा स्वतःच झाकण असतो. गार, कच्चा, जाड. फळं उकळायला लागतात, वाफ वर चढते आणि गार पिठात शिरून तिथेच पाणी होते. वरचा सेंटिमीटर भाजला जातो तोवर खालचा सेंटिमीटर उकडून निघालेला असतो. मी तर फळं दिसू नयेत म्हणून चुरा छान थापून, चमच्याच्या पाठीने गुळगुळीत करत होते. वाफेला जायला एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं.

म्हणून आता चुरा आणि फळं वेगवेगळी भाजते. चुरा ताटलीत मोकळा पसरून १७०-१८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मधे एकदा उलथन्याने हलवून. नानकटाईचा वास सुटला आणि कडा बदामी झाल्या की काढायचा. तोवर खालच्या भांड्यात फळं वीस-पंचवीस मिनिटं, जाड बुडबुडे येईपर्यंत. मग भाजलेला चुरा वरून भुरभुरवायचा, दाबायचा नाही, आणि दोन्ही एकत्र दहाच मिनिटं. चुरा आधीच कोरडा आणि गरम असतो, त्यात वाफ मुक्काम करत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तर दुसरा मार्गच नाही असं माझं मत आहे. डिसेंबर-जानेवारीत कच्चा चुरा घालून चालतं, फक्त थर बोटाच्या पेरापेक्षा जाड नको आणि मधे मधे फळ उघडं दिसू द्या.

भांडंही उथळ आणि पसरट घ्या. खोल वाडग्यात वाफ निघायला जागा नसते. अॅल्युमिनियमच्या केकच्या डब्यात आंबट फळं नकोत, धातूची चव उतरते. काचेचं ओव्हनचं भांडं असेल तर उत्तम, बाजूने बुडबुडे दिसतात. फक्त भट्टीतून काढून ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं.

लोणी की तूप

इंग्रजी पाककृती सांगतात, गार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं. मे महिन्यात माझं स्वयंपाकघर जवळपास तेवढंच असतं, गॅस आणि ओव्हन चालू असेल तर वर. बोटांची ऊब वेगळी. दुसऱ्या मिनिटाला हातात चुरा नसतो, पुरीची कणीक असते.

लोणीच वापरायचं असेल तर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जाड किसणीवर थेट पिठात किसा, काट्याने मिसळा, हात कमीत कमी लावा. बाजारातलं मीठ घातलेलं पिवळं बटर चालतं, वेगळं मीठ घालू नका म्हणजे झालं.

पण खरं सांगू का, साजूक तूप बरं. लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते मैद्याला मिळालं की चिवटपणा यायला सुरुवात होते. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून चुरा रवाळ, खुसखुशीत होतो. नानकटाई लोण्याची न करता तुपाची करतात ती उगीच नाही. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं. तूप फ्रीजमधलं थिजलेलं घ्या. पातळ झालेलं तूप पिठाला एकदम पकडतं आणि गोळे होतात. तसं झालंच तर पीठ वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून बोटांनी फोडा, घाबरण्यासारखं काही नाही.

प्रमाण बरोबर जमलं का हे शंकरपाळ्यांचं मोहन बघतो तसंच बघायचं. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे, आणि बोटाने टिचकी मारली की फुटून वाटाण्याएवढे खडे झाले पाहिजेत. मुटका वळतच नसेल तर तूप चमचाभर कमी आहे, भाजल्यावर तोंडात कोरडं पीठ लागेल. फुटतच नसेल तर पीठ कमी.

पिठाबद्दल थोडंसं. नुसती कणीक घातलीत तर ती मैद्यापेक्षा जास्त ओल धरते आणि चुरा जड होतो. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा ठीक. मला कणकेबरोबर मूठभर ज्वारीचं पीठ आवडतं, त्यात चिवटपणा येतच नाही. ओट्स घालायचे तर जाड घ्या. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स इथेही दोन मिनिटांत शिजतात आणि लापशी होते. घरात ओट्स नसले तर पातळ पोहे कोरडे भाजून, हाताने चुरून घाला. मला ते ओट्सपेक्षा सरस वाटतात, पण मी पोहेवाल्यांच्या घरातली आहे.

आणि घरात यातलं काहीच नसेल, फक्त कालचे पाव असतील तर? पाव हाताने कुस्करा, तुपावर परता, साखर घाला, फळांच्या थरांमध्ये आणि वर पसरा. अमेरिकेत ब्राउन बेटी नावाचा सफरचंदाचा पदार्थ असाच ब्रेडच्या चुऱ्याचा करतात. मुंबईत शिळ्या पावाची ददात नाही.

गूळ चुऱ्यात नको

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. तब्येतीला बरा म्हणून चुऱ्यात साखरेऐवजी गूळ घालत होते. भट्टीतून काढल्यावर फर्मास, तासाभरात मऊ. गूळ हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात गुळाची ढेप कशी पाझरायला लागते ते आठवा. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्या हवेत पापड सादळतात, चिवडा सादळतो, मग गुळाचा चुरा कसा टिकेल? गूळ खाली फळांत घाला, तिथे तो खमंग लागतो. वरच्या चुऱ्याला साखरच.

ओव्हनचा दोष किती?

वाटतो त्यापेक्षा कमी. छोट्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ असतो, त्यामुळे वरून करपतं आणि मधलं कच्चं राहतं. सुरुवातीची वीस मिनिटं फक्त खालचा रॉड ठेवा, मग दोन्ही. बटणावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. तपासायची एक युक्ती आहे: साखर १८६ अंशांच्या सुमाराला वितळते. फॉइलच्या तुकड्यावर चमचाभर साखर ठेवून ओव्हन १८० वर पंधरा मिनिटं चालवा, मग नव्या साखरेसह १९० वर पंधरा मिनिटं. १८० लाच पाघळली तर ओव्हन जास्त तापतोय, १९० लाही कोरडी राहिली तर कमी. माझा कमी तापणारा निघाला. तेव्हापासून मी काटा २०० वर ठेवते आणि १८० समजते.

ओटीजी एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. मोठ्या पिनेचा प्लग असेल तर त्याच्याच सॉकेटमध्ये.

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने भाजायची सोय, नसेल तर त्यात चुरा कधीच तांबूस होणार नाही. तो पदार्थातलं पाणी तापवतो, आजूबाजूची हवा गारच राहते, त्यामुळे वरचा थर कोरडा पडून भाजला जात नाही. कन्व्हेक्शन असेल तर ते बटण शोधा. आमच्या मजल्यावरच्या एका घरी सहा वर्षं नुसतं दूध तापवायला वापरलेल्या यंत्रात ते सापडलं, विणलेल्या कव्हरखाली.

ओव्हनच नसेल तर

पूर्वी दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन लोक कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीवर जायचे. आता त्या भट्ट्यांचंच रूप बदलतंय. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हा आपली कढई बरी.

जाड कढईत किंवा रिंग आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये जाड मीठ पसरून, वर जाळी ठेवून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवतात. केक त्यात होतो. क्रंबल पूर्ण होत नाही, कारण वर निखारे नाहीत. झाकणाला वाफ लागून थेंब पडतात, पुन्हा तेच रामायण. म्हणून इथे तर चुरा वेगळाच भाजायचा: जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, बेसनाचे लाडू करताना बेसन भाजतो तसा, सतत हलवत, दहा-बारा मिनिटं. गार होताना कुरकुरीत होतो, कढईतच मऊ वाटला म्हणून जास्त भाजू नका. फळं मिठाच्या कढईत, झाकण किंचित कलतं ठेवून. वाढताना चुरा वर घालायचा. याला बेक केलेलं म्हणावं की नाही यावर आमच्या घरी वाद आहे, पण वाटी रिकामी व्हायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच.

कुठलं फळ

सफरचंदांत हिरवी आंबट सर्वांत चांगली, फोड टिकून राहते. लालभडक, लांबट रेड डिलिशस भट्टीत लगदा होतात. शीतगृहात महिनोन्महिने राहून भुसभुशीत झालेली तर कशातच घालू नका. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, रोळीची पायरी सक्तीची. डहाणू-घोलवडचे चिकू नुसते घातले तर मिट्ट गोड होतात, लिंबाचा रस हवाच आणि चिकू किंचित घट्ट हवा. पेरूच्या बिया दातात येतात, मधला भाग काढून टाका. केळ्याला पाण्याचं दुखणंच नाही, म्हणून भर पावसाळ्यात पहिल्यांदा करणाऱ्याने केळ्यानेच सुरुवात करावी. ज्याची सुकेळी करतात ते वसईचं राजेळी मिळालं तर सोनं.

हापूस मात्र भाजू नका. ज्या वासासाठी पैसे मोजले तो भट्टीत उडून जातो आणि उरतो तो नुसता गोड गर. आंब्याच्या दिवसांत कैरी घ्या. किसून नव्हे, फोडी करून, गुळात, वेलची किंवा जायफळ घालून, म्हणजे साधारण गुळांबाच, वर तुपाचा चुरा. गेल्या मे महिन्यात सासूबाईंनी हे दोनदा मागून घेतलं, आणि दोन्ही वेळा चमच्याने खाल्लं.

उरलं तर, आणि तरीही फसलं तर

गरम असताना झाकण घालू नका. पोळ्यांच्या डब्यात फडकं घालतो ते कशासाठी? फ्रीजमध्ये ठेवलं की चुरा सादळतोच, म्हणून थोडा भाजलेला चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवा. तो आठवडाभर राहतो. उरलेलं गरम करायचं तर ओटीजीत किंवा झाकण न घालता तव्यावर, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

आणि सगळं करूनही पाहुण्यांसमोर भांडं उघडल्यावर तळाला रस दिसलाच, तर भांडं तिरकं करून चमच्याने रस वाटीत काढा, कढल्यात घालून मोठ्या आचेवर चार मिनिटं आटवा. घट्ट झाला की व्हॅनिला आइस्क्रीमवर घाला आणि शेजारी कोरडं क्रंबल वाढा. हे असंच करायचं ठरलं होतं, असं तोंडावर ठेवून.